साठ विषयांची यादी

गेले दोन शनिवार काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर पहिल्या शनिवारी ऑफिसचं रिलीज होतं, आणि दुसऱ्या शनिवारी मी कणकवलीला घरी होतो, जिथे पाऊस आला की वीज जाते आणि वीज गेली की मोबाईलची रेंज तिच्या मागोमाग जाते. पण विषय तिथेच मिळाला, त्यामुळे तक्रार नाही.

झालं असं की माझ्या धाकट्या बहिणीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळाला आहे. डेटा सायन्स. व्हिसा झाला, कर्ज मंजूर झालं, आता कोर्स निवडायचे होते. एकूण ३० क्रेडिट, त्यातले बरेचसे सक्तीचे, पण ३ क्रेडिटचा एक कोर्स विद्यापीठातल्या कुठल्याही विभागातून घेता येतो. आमच्या बाईसाहेबांनी मानववंशशास्त्र विभागातला 'समुद्र आणि मच्छीमार समाज' असा काहीतरी कोर्स शोधून काढला. आमचं आजोळ देवबागचं, त्यामुळे हे अगदीच आकाशातून पडलेलं नव्हतं. पण एका क्रेडिटचे पैसे लाखाच्या घरात जातात. बाबांनी पडवीतूनच हिशोब केला आणि म्हणाले, "तीन लाख मोजून माशांची गजाल आयकूक अमेरिकेक कित्याक जावक व्हया? तुझो मामा फुकट सांगतलो."

बाबांचं एक वेळ सोडा. मी काय म्हणालो? मी म्हणालो, क्लाऊड कंप्युटिंग घे, नोकरीच्या मुलाखतीत विचारतात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, तू खयचो विषय घेतलेलंस?"

इथे मला गप्प बसावं लागलं. इंजिनिअरिंगच्या सातव्या सेमिस्टरला आम्हाला 'इलेक्टिव्ह' होता. म्हणजे कागदावर पाच विषय होते. फॉर्म वाटल्यावर सरांनी सांगितलं, सगळ्यांनी दोन नंबरवर टिक करा, बाकीच्यांना शिकवायला माणूस नाही. आम्ही साठ जणांनी दोन नंबरवर टिक केलं. माझ्या गुणपत्रिकेवर आजही तो विषय 'ऐच्छिक' म्हणून छापलेला आहे :)

पुण्याला परत येताना तुतारी एक्स्प्रेसमध्ये हेच डोक्यात होतं. आपल्याकडची माणसं परदेशी शिकायला गेली, कोण कुठे गेलं, काय होऊन आलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण तिथे गेल्यावर त्यांच्यापुढे विषय कुठले होते, आणि त्यातले त्यांनी कुठले उचलले, हे कुणी सांगत नाही. मग आठवडाभर रात्री जागून जे सापडलं ते लिहितोय.

आमच्या सिंधुदुर्गात परदेशी शिक्षण म्हटलं की आधी आठवतात ते बॅरिस्टर नाथ पै. १९२२ साली वेंगुर्ल्यात जन्मले, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, १९५७ पासून १९७१ मध्ये जाईपर्यंत राजापूरचे खासदार होते. खरं तर कोकणातच काय, सगळ्या महाराष्ट्रातच 'विलायतेला जाणं' म्हणजे बॅरिस्टर होणं असं एक समीकरण होतं. या शिक्षणाची गंमत अशी की परीक्षा असायच्याच, पण शिवाय आपल्या 'इन'मध्ये, म्हणजे वकिलांच्या त्या जुन्या संस्थेत, ठरलेल्या संख्येने रात्रीची जेवणंही घ्यावी लागत. जेवणं भरली नाहीत तर सनद नाही. आमच्याकडे हजेरीचे ७५ टक्के असतात, तसंच समजा, फक्त चमच्या-काट्याने.

त्याच्याही आधीची गोष्ट आनंदीबाई जोशींची. १८८३ साली, अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाल्या. तिथे विषय निवडायचा प्रश्नच नव्हता. शरीरशास्त्र, रसायन, औषधं, प्रसूती, सगळं ठरलेलं. बायकांना डॉक्टरी शिकवणारं कॉलेज मिळणं हीच निवड. पण त्या ठरलेल्या चौकटीत एक फट होती, ती म्हणजे शेवटचा प्रबंध. त्याचा विषय त्यांनी घेतला हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे सात समुद्र ओलांडून गेलेल्या मुलीने, पहिली संधी मिळताच, आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीबद्दल लिहिलं. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. एक वर्षसुद्धा पूर्ण नाही.

रँग्लर परांजप्यांची तऱ्हा आणखी वेगळी. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला आला, सीनियर रँग्लर झाला. (बर्टविसल नावाच्या इंग्रज मुलाबरोबर बरोबरीत. हे आपल्या पुस्तकांत बहुधा सांगत नाहीत.) ट्रायपॉस म्हणजे गणित एके गणित. त्यात काय येणार हे ठरलेलं, सोडवायचा वेग ठरलेला, आणि शेवटी सगळ्यांची पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमवारी. आपल्या जेईईचा पणजोबाच म्हणा ना. त्या क्रमवारीपायी मुलं गणित शिकण्यापेक्षा गणितं सोडवायला शिकतात अशी ओरड इंग्लंडातच झाली आणि १९०९ नंतर ती बंद केली गेली.

तोवर अमेरिकेत वारं फिरलं होतं. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षं त्या खुर्चीवर होते. या काळात त्यांनी सक्तीचे विषय जवळजवळ मोडीत काढले. विद्यापीठ म्हणजे मोठी खानावळ, फळ्यावर पदार्थ लिहिलेत, पाहिजे ते ताटात घ्या. इतर विद्यापीठांनी थोडंफार तेच उचललं. याच खानावळीत १९१३ च्या जुलैमध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, २२ वर्षांचे भीमराव आंबेडकर जाऊन पोचले.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

डॉ. आंबेडकरांनी कोलंबियात तीन वर्षांत कुठले विषय घेतले याची नोंद विद्यापीठाच्या दफ्तरात आहे. त्यातले आकडे असे : अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन प्रत्येकी १. बेरीज करा. साठ.

मी हे दोनदा मोजलं. सहा सहामाह्या धरल्या आणि उन्हाळी सत्रं नाही धरली, तर सहामाहीला दहा. मला सहामाहीला सहा विषय असताना केटी लागल्याचं इथे पूर्वी लिहिलंच आहे, पुन्हा लिहीत नाही.

पण संख्येपेक्षाही मला त्या यादीचा आकार बघण्यासारखा वाटतो. निम्मे विषय अर्थशास्त्राचे, ते साहजिकच आहे, पदवी त्याची होती. उरलेले निम्मे मात्र असे पसरलेले आहेत की कुणी घरचं वडीलधारं माणूस बघत असतं तर ओरडलं असतं. हे पैसे कुणाचे होते ते बघा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या वेळच्या भावाने महिन्याला ५६ डॉलरच्या आसपास. त्यातून घरीही पाठवायचे. आणि बदल्यात ४ जून १९१३ ला करार झालेला, परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी. म्हणजे वेळ मोजलेला, पैसा मोजलेला आणि पुढची दहा वर्षंही लिहून दिलेली. अशा माणसाने सरळ २९ अर्थशास्त्राचे उचलून कागद हातात घेऊन परतायला हवं होतं. आम्ही सगळ्यांनी हाच सल्ला दिला असता. मी तर नक्कीच.

त्यांनी असं का केलं असेल, याचा एक धागा मला आधीच्या गोष्टीत दिसतो. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं. शिकवणाऱ्यांनी अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला. म्हणून पर्शियन घ्यावं लागलं, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजातही तेच पुढे चाललं. म्हणजे कागदावर विषय होता, वर्ग होता, मास्तर होते, फक्त या एका मुलासाठी 'दोन नंबरवर टिक कर' होतं. माझ्या इलेक्टिव्हची आणि त्याची तुलना करायची माझी लायकी नाही, आमच्याकडे नुसता शिक्षक नव्हता. पण ज्याला एका विषयाचं दार तोंडावर बंद झालेलं आठवतंय, त्याच्यासमोर अचानक अख्ख्या विद्यापीठाची दारं उघडी असतील, आणि कुठल्याच वर्गाबाहेर कुणी जात विचारत नसेल, तर तो काय करेल? साठ कोर्स घेईल.

शिक्षकही कसले मिळाले! सार्वजनिक वित्त शिकवणारे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई, इतिहासाचे रॉबिन्सन आणि शॉटवेल. पुढे १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात त्यांनी याच चौघांची नावं घेऊन लिहिलं की तिथले काही वर्गमित्र आणि हे प्राध्यापक हेच आयुष्यातले उत्तम मित्र. वर्गमित्रांतले एक नवल भथेना, लिव्हिंगस्टन हॉलमध्ये त्यांच्याबरोबर राहायचे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येतंय.

आता ते मानववंशशास्त्राचे ४ कोर्स. साठातले चार, म्हणजे माझ्या बहिणीच्या ३० क्रेडिटमधल्या तिघांपेक्षाही कमी वाटा. पदवीच्या दृष्टीने पाहिलं तर बिनकामाचे. एमएचा १९१५ चा प्रबंध होता प्राचीन भारतातल्या व्यापारावर, पीएचडीचं काम भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर आणि वित्तव्यवस्थेवर. पण ९ मे १९१६ ला, वयाच्या २५ व्या वर्षी, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी एक निबंध वाचला, 'कास्ट्स इन इंडिया'. जातीचं मूळ पोटजातीतच लग्न करण्यात आहे, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चाली ती कोंडी टिकवायला लागतात, असं त्याचं थोडक्यात म्हणणं. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. त्यांचं छापलेलं पहिलं महत्त्वाचं लिखाण ते हेच. पुढची चाळीस वर्षं ते ज्याच्याशी झुंजले, त्याचा पहिला मसुदा एका 'बाहेरच्या' विषयाच्या वर्गात लिहिला गेला.

आणि ते प्राथमिक जर्मन? अमेरिकन विद्यापीठांत तेव्हा पीएचडीवाल्याला फ्रेंच-जर्मन वाचता येणं लागायचं, म्हणून घेतलं असेल. पण १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं, आणि त्यासाठीचा त्यांचा जर्मनमधला अर्ज बॉनच्या दफ्तरात सापडला आहे. (तिथे हजर राहणं जमलं नाही आणि १९२२ च्या जानेवारीत नाव कमी झालं, हेही त्याच दफ्तरात आहे. हजेरीची भानगड सगळीकडे सारखीच.)

न्यूयॉर्कनंतर लंडन. १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश, नोव्हेंबरात ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. इथलीही यादी आहे, आणि तीही बघा : मॅकिंडर यांचा भूगोल, लोज डिकिन्सन यांचा राजकीय विचार, हॉबहाउस यांचे सामाजिक उत्क्रांती आणि समाजसिद्धान्त. कोर्सची फी १० पौंड १० शिलिंग, म्हणजे शिष्यवृत्तीच्या एका महिन्याच्या रकमेला थोडी कमी. पण इथे मोजलेला वेळ संपला. बडोद्याने बोलावलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन १९१७ च्या उन्हाळ्यात ते निघाले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं जर्मन पाणबुडीने समुद्रात बुडवली. बडोद्यात साठ कोर्स केलेल्या या अधिकाऱ्याला राहायला खोली मिळेना, पारशी खानावळीत नाव बदलून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. दहा वर्षांचा करार काही आठवड्यांत संपला.

परत जायला तीन वर्षं गेली. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्जाऊ. हॉस्टेलमधला रूममेट काही वर्षांनी पाच हजार देतो, तेही १९२० चे पाच हजार! मग मात्र भराभर : १९२१ ला एमएससी, १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला रुपयावरच्या प्रबंधाला डीएससी. कोलंबियाची पीएचडी मात्र १९२७ पर्यंत अडकून होती, कारण तिथे प्रबंध छापून द्यावा लागे आणि तो लंडनमध्ये छापून निघाला १९२५ ला. काम १९१६ मध्ये झालं, 'स्टेटस' अकरा वर्षांनी बदललं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, आंबेडकरांचं उदाहरण देऊन काय होतं, ते आंबेडकर होते. खरं आहे. म्हणून एक जरा अडचणीचं उदाहरणही देतो, आमच्या शेजारच्या गोव्यातलं. दामोदर धर्मानंद कोसंबी. हार्वर्डला असताना मोठे गणिती जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना सांगितलं की बाबा, गणितावरच लक्ष दे. यांनी ऐकलं नाही. भाषा, इतिहास, सापडेल तो कोर्स घेत गेले. १९२९ मध्ये अगदी वरच्या सन्मानाने पदवी मिळवली, पण पीएचडी न करताच भारतात परतले आणि बनारसला गणित शिकवायला लागले. गणितात त्यांचं नुकसान झालं का? बर्कहॉफ यांना विचारलं असतं तर बहुधा हो म्हणाले असते. पण १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि आपल्याकडे इतिहास लिहायची रीतच बदलली. नाणी तोलून, त्यांच्या झिजेचं संख्याशास्त्र मांडून इतिहास सांगणारा माणूस गणितातून आला होता. हिशोब कुठल्या खात्यात मांडायचा हे बघणाऱ्यावर आहे.

आता आजच्याकडे येतो, कारण हे वाचताना एक गोष्ट घशात अडकली. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर अशा घरांतल्या मुलांना परदेशी पाठवणारी केंद्र सरकारची 'नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप' १९५४-५५ पासून आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक ओळ आली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकारचं म्हणणं, या विषयांची साधनं आणि चांगली विद्यापीठं भारतातच आहेत, परदेशी कशाला? म्हणजे आमच्या बाबांचंच म्हणणं, मामा फुकट सांगतलो.

युक्तिवाद अगदीच खोटा नाही. साधनं इथेच आहेत. संस्कृतची साधनंही १९०० च्या सुमाराला साताऱ्यात आणि मुंबईत होतीच की. पण ही ओळ घेऊन मी परत ती साठची यादी बघितली. प्राचीन भारतातला व्यापार : बाद. भारतातल्या जाती : बाद. आनंदीबाईंचा प्रबंध : तोही बहुधा बाद. बडोद्याच्या महाराजांना अशी ओळ सुचली नव्हती हे आपलं नशीब.

असो. बहिणीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. फॉर्मची मुदत तिकडच्या रविवारी मध्यरात्री होती, म्हणजे आपल्या सोमवारी सकाळी. मी रविवारी रात्री फोन करून सांगितलं की क्लाऊडचं मी म्हणालो ते विसर, ते ऑनलाईन फुकट मिळतं, मी शिकवीन. ती म्हणाली, "मियां शनिवारीच भरलंय." मच्छीमारांचा कोर्स टाकला होता, पण जागा भरल्या होत्या, वेटलिस्ट चार नंबरची मिळाली.

मागून बाबांचा आवाज आला, "वेटलिस्ट म्हणजे? गणपतीतल्या कोकणकन्येसारख्या? मगे चार म्हणजे कन्फर्म होतला."